लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि आमचा मिस्त्री



आज 20 जून. मृग सरत आला. आपल्याकडं कुणाची पेरणी उरकली, तर कुणी अजून आभाळाकडं बघतंय. आजच्याच तारखेला 1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. आमच्या गोठ्यामागं आज्यानं बार्शीच्या बाजारातून आणलेला लोखंडी नांगर अजून पडलाय. आता तो कुणी धरत नाही, पण भंगारवाल्याला द्यायला हात होत नाही.

लोकं लक्ष्मणरावांना मोठा कारखानदार म्हणून ओळखतात. मला ते आधी कारागीर वाटतात. चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. मध्ये गेले, पण रंग नीट ओळखू येईनात म्हणून ती सुटली. मग यंत्रांचे नकाशे काढायला शिकले आणि मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवायला लागले. बेळगावात भाऊ रामूअण्णांच्या जोडीनं सायकलचं दुकान घातलं. सायकल विकायची, बिघडली तर दुरुस्त करायची आणि ज्याला येत नाही त्याला चालवायलाही शिकवायची. तिथून ते शेतीच्या अवजारांकडं वळले. कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर.

नांगर काही लगेच खपले नाहीत. लोखंड लागलं की जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणायचे. आज आपल्याला हसू येतं. पण त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. बाप-आजा बाभळीचा नांगर चालवत आले, एक वर्ष वाया गेलं तर घरात खायला काय? नवीन वस्तूवर तो एकदम भरवसा कसा ठेवील? नांगर वावरात चालला, माती पलटली, हरळी-कुंदा मुळासकट वर आला, तेव्हा विश्वास बसला. आमचा आजा सांगायचा, काळ्या रानात त्याला सहा-सहा, आठ-आठ बैल जुपावे लागायचे. पण एकदा नांगरट झाली की दोन-चार सालं हरळीचं नाव नसायचं.

1910 साली बेळगावातली जागा सोडायची वेळ आली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर माळ दिला. नुसता निवडुंगाचा माळ. तिथं कामगार बायका-पोरांसकट आले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. भाऊ, पोरं, पुतणे, सगळं घर त्या कामात होतं. पुतण्या शंकररावांनी 1920 साली 'किर्लोस्कर खबर' काढलं, तेच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा नियम होता. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीचं काम दिलं. 1956 साली ते गेले. माझ्या हिशोबानं नांगराएवढंच हे गाव वसवणं मोठं आहे.

आता आपल्या काळाचं बोलू. दोन सालाखाली मी अनुदानावर पेरणी यंत्र घेतलं. यंत्र चांगलं. पण ऐन पेरणीत चेनचं दातेरी चाक मोडलं. ज्यानं विकलं त्याला फोन लावला तर म्हणला, पार्ट पुण्याहून येईल, आठ दिवस थांबा. आठ दिवस वापसा थांबतो का? शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडं गेलो. त्याचा बाप लोहार, बलुत्यावर आमच्या सगळ्या गावाचे फाळ शेवटायचा. ह्यानं भंगारातलं एक चाक काढलं, ग्राइंडरनं दाते घासून जुळवलं आणि रातीच्या नऊला यंत्र चालू करून दिलं. पैसे विचारले तर म्हणला, "आधी पेरा दादा, मग बघू."

ह्या मिस्त्रीची दोन्ही पोरं आता कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या गाड्यांवर जातात. मी विचारलं, धंदा का शिकवला नाही? म्हणला, "दादा, तुम्ही माझ्याकडं फकस्त मोडल्यावर येता. नवीन तर सगळं शोरूमातून घेता." त्याचं खोटं नाही. बलुतं बंद झालं ते एका परीनं बरंच झालं, त्यात कारागिराला मान कमी आणि राबणूक जास्त होती. पण त्याच्या जागी रोख मजुरीचा नीट हिशोब आपण बसवला नाही. पेरणीत उधार अन् सुगीत विसर, हे आपल्यातले बरेच जण करतात. मीही केलंय.

सरकारनं 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. सुतार-लोहार धरून 18 धंदे त्यात आहेत, प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी 15 हजार आणि कमी व्याजानं कर्ज आहे. आपल्या गावातल्या कारागिराचा अर्ज भरून द्यायला मदत करा. पण माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. ज्या यंत्रावर अनुदान दिलं जातं, त्याचे झिजणारे पार्ट तालुक्याला मिळालेच पाहिजेत. आणि ते यंत्र उघडून दुरुस्त करायचं शिक्षण गावातल्या दोन मिस्त्रींना दिल्याशिवाय कंपनीला अनुदानाच्या यादीत घेऊ नये. कृषी खात्यातली, कृषी विज्ञान केंद्रातली जी साहेब मंडळी हे पान वाचतात, त्यांनी ह्यावर विचार करावा.

सायकल विकून चालवायला शिकवणारा माणूस आपल्याच भाषेत होऊन गेला. आज यंत्र विकणाऱ्याकडून आपण एवढं तरी मागावं.

आणि तुमच्या मिस्त्रीची मागची उधारी राहिली असेल तर ह्या आठवड्यात देऊन टाका. मी काल दिली.