घामाचे कमिशन आणि कागदाचे बळ

कलबुर्गी ही तुरीची मोठी बाजारपेठ. तेथील अडत्या आपली अडत हिशेबपट्टीवरच लावून घेतो. तिच्यासाठी त्याला कुणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. परंतु एखाद्या कंपनीचा माल खपविण्यासाठी बिदर, हुमनाबाद, बसवकल्याण, उदगीर अशी फिरती करणाऱ्या आपल्या घरच्या तरुणाला स्वतःच्या श्रमाचे कमिशन मात्र याचकासारखे मागावे लागते. ‘वसुली व्हायची आहे’, ‘साहेब गावी नाहीत’, ‘तुम्ही तर नोकरी सोडलीत’ ही त्यावरची ठरलेली उत्तरे. अशा वेळी वडीलधारी मंडळी ‘जाऊ दे, वाद नको’ म्हणतात. हा सल्ला सद्भावनेचा असला, तरी योग्य नव्हे.

कमिशन हे बक्षीस नाही. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असते. कमिशन ठरलेल्या कामाचा ठरलेला मोबदला असतो. करारातील अटी पूर्ण झाल्यावर ते मालकाचे देणे होते, आणि नंतर दिलेल्या राजीनाम्याने ते सामान्यतः बुडत नाही.

तथापि कायद्याने या मोबदल्याला वेतनाच्या पंक्तीत पूर्ण पान वाढलेले नाही, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. विक्री-संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी १९७६ साली स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक ठरले. पुढे १९९४ साली सँडोझ कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येप्रमाणे ‘कामगार’ ठरत नाहीत, असा निर्णय दिला. २०१९ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने विक्री-संवर्धन कर्मचाऱ्यांना कामगारांत गणले. परंतु वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळले. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरचा भाग तेवढा वेतनात धरला जातो. उदाहरणार्थ, पगार १२,००० व कमिशन १८,००० रुपये असेल, तर ३०,००० चे निम्मे १५,०००. म्हणजे कमिशनपैकी केवळ ३,००० रुपयांना वेतनाचा दर्जा मिळेल.

वेतन थकल्यास कामगार खात्याच्या प्राधिकाऱ्याकडे ३ वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्याला आहे. नोकरी सुटल्यास वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते झाले पाहिजे. उरलेल्या कमिशनसाठी मुख्य आधार कराराचा. त्यासाठी दिवाणी दाव्याची मुदतही सामान्यतः ३ वर्षांचीच आहे.

म्हणूनच कागदाचे महत्त्व. तोंडी करारही करारच असतो, पण तो सिद्ध करताना दमछाक होते. नोकरी धरतानाच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कमिशनचा दर किती, ते ऑर्डर घेतल्यावर, माल पोचल्यावर की पैसे वसूल झाल्यावर देय होणार, आणि नोकरी सुटल्यास मागील ऑर्डरींचे काय. ऑर्डरींच्या प्रती व महिन्याचा हिशेब घरी जपून ठेवावा. रक्कम अडली, तर प्रथम आकडेवारीसह लेखी मागणी स्पीड पोस्टाने पाठवावी व पोच सांभाळावी. उत्तर न आल्यास कामगार खात्यात किंवा वकिलाकडे जाण्यास विलंब करू नये, कारण मुदत आपल्यासाठी थांबत नाही.

परमुलखात नोकरी करताना मालकाशी नम्रतेने वागावे, हे आपल्या घराघरांतून शिकविले जाते. ते उचितच आहे. परंतु हिशेब मागणे हा उद्धटपणा नव्हे, हेही मुलांना त्याच घरांतून शिकविले पाहिजे.