आधी गळा, मग व्हायोलिन

डिलाईल रोडवरील काही पालकांनी यंदा आम्हांस विचारिले की, मुलास व्हायोलिन घेऊन द्यावे काय? आमचे उत्तर असे की, अवश्य द्यावे. परंतु आधी त्यास गावयास शिकवावे. हे ऐकून कित्येकांस नवल वाटते. त्यांनी कै. पंडित गजाननराव जोशी यांच्या चरित्राकडे पाहावे.

गजाननरावांचा जन्म १९११ सालचा. वडील अंतूबुवा हे औंध संस्थानचे गवई व बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य; म्हणजे ग्वाल्हेरची गायकी घरातच होती. पुढे रामकृष्णबुवा वझे, भूर्जी खाँ व विलायत हुसेन खाँ यांजकडूनही त्यांनी विद्या घेतली. व्हायोलिन मात्र त्यांनी बहुतांशी स्वतःच्या हिमतीवर साध्य केले. स्वर कसा लागला पाहिजे हे कानास ठाऊक होते. हातास तेथवर नेणे एवढेच उरले होते. ('एवढेच' असे लिहिताना आम्हांस हसू येते; त्यास वर्षे लागतात.) १९७२ साली त्यांस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला व १९८७ साली ते निवर्तले. त्यांचे शिष्य उल्हास कशाळकर हे गवई म्हणून विख्यात आहेत. व्हायोलिनवादक दा. के. दातार हेही द. वि. पलुस्करांच्या गाण्यास साथ करीतच घडले.

वाद्य परदेशचे खरे; परंतु सतारीसारखे पडदे त्यास नाहीत. बोट तारेवरून अखंड सरकते, म्हणून मींड गळ्यासारखी निघते. पेटीची पट्टी दाबली की स्वर तयार मिळतो; येथे बोट जरासे ढळले की बेसूर, आणि ती चूक दाखविणारा स्वतःच्या कानावाचून दुसरा कोणी नसतो. न गाणाऱ्या मुलास ती ऐकूच येत नाही. तो महिनेच्या महिने बेसूरच घोटतो व अखेर वाद्य माळ्यावर जाते.

शिवाय आपल्या चाळी! १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले, तरी खोल्या काही मोठ्या झाल्या नाहीत. नवशिक्याच्या गजाची करकर शेजाऱ्यांनी किती दिवस सोसावी? सुरात गाणारा मुलगा ती अवस्था लवकर ओलांडतो.

तेव्हा पालकहो, वाद्याचे पैसे वर्षभर बाजूस ठेवा व मुलास गायनाच्या शिक्षकाकडे पाठवा. नववी लागली म्हणून ते बंद मात्र करू नका. वर्षअखेरीस तो सुरात गाऊ लागला, तर व्हायोलिन निवडावयास आम्ही स्वतः तुमच्याबरोबर दुकानात येऊ.