नाणं खिशात राहू द्या, १०९८ फिरवा

येत्या पंधरवड्यात महाराष्ट्रातल्या शाळा उघडतील. विदर्भात ऊन बघून थोड्या उशिरा, बाकी सगळीकडे जूनच्या मध्यावर. घराघरांत दप्तरं, रेनकोट, वह्यांची कव्हरं अशी धांदल चालू आहे. याच दिवसांत तुमच्या नेहमीच्या चौकात गाडी थांबली की काचेवर टकटक करणारं सहा-सात वर्षांचं पोर तुम्हाला भेटणार आहे. त्याचंही वय पहिलीत बसायचंच आहे. हे आवाहन त्याच्यापुरतं आहे आणि विनंती एकच: त्याच्या हातावर पैसे ठेवू नका. सिग्नल ओलांडा, गाडी बाजूला घ्या आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा. हे जून संपायच्या आत करा. कायद्यानं शाळेत प्रवेश वर्षभरात कधीही मिळतो. पण ऑगस्टात आलेलं पोर मागच्या बाकावर बसतं आणि दिवाळीपर्यंत गळतं, हे कुठल्याही मनपा शाळेतल्या बाई तुम्हाला सांगतील.

आधीच स्पष्ट करतो. म्हातारी माणसं, अपंग, देवळाच्या पायऱ्यांवर नाहीतर दर्ग्यापाशी बसणारे लोक यांना द्यायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी देतो. त्या पैशांची दारू होईल की औषध, याची चौकशी मी करत नाही. मोठ्या माणसाला त्याच्या दहा रुपयांचा हिशेब मागायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. लहान मुलाची गोष्ट निराळी. तिथं तुमचे दहा रुपये त्या मुलाचे नसतातच.

चौकात अर्धा तास उभं राहून बघा. आई दुभाजकावर बसलेली असते, बाप कुठंतरी बिगारीला गेलेला नाहीतर सावलीत पडलेला. मोठ्या माणसानं हात पसरला तर आपण म्हणतो, "धडधाकट आहेस, काम कर." चार वर्षांच्या पोरीनं पसरला की खिशात हात जातो. म्हणजे घरातली सगळ्यात जास्त कमाई सगळ्यात धाकट्याची. शनिवारी तर विचारूच नका. पत्र्याच्या डब्यात तेल, तेलात बुडवलेली काळी शनीची मूर्ती, कडीला लिंबू-मिरची, आणि तो डबा दोन्ही हातांनी धरून मोटारींच्या मधून वाट काढणारं पोर. एरवी काच खाली न करणारी माणसंही त्या दिवशी साडेसातीच्या धास्तीनं नाणं टाकतात. (देवाच्या भीतीनं पडलेल्या त्या नाण्याला दान म्हणावं की हप्ता, हे तुम्हीच ठरवा.) असं कमावणारं पोर आई शाळेत कशाला घालेल? शाळेत घातलं की संध्याकाळचा गॅस, पीठ, पालाच्या जागेचं भाडं बुडतं. ती दुष्ट नाही. तिचं गणित आपण तिला शिकवलं आहे, रोज लाल दिव्यापाशी.

मग पोर दहा-अकराचं होतं. हात-पाय लांबतात, कीव आटते, मिळकत उतरते. तेव्हा त्याच्या कडेवर धाकटं भावंड येतं. चौदाव्या-पंधराव्या वर्षी तेही चालेनासं होतं आणि हातात हुंगायला पंक्चरच्या सोल्युशनचा बोळा नाहीतर व्हाइटनरची बाटली दिसू लागते. या वयाच्या मुलाकडे आपण बघतसुद्धा नाही. पर्स मात्र घट्ट धरतो.

"अहो, पण ते उपाशी असलं तर?" हा प्रश्न खरा आहे. भूक समोर दिसत असेल तर खायला द्या. केळं द्या, वडापाव द्या, पाणी द्या, आणि जमलं तर ते तिथंच खाऊ द्या. फक्त खायला दिलं म्हणजे आपलं काम झालं असं समजून फोन टाळू नका. तसंच फुगे, पेनं, कान कोरायच्या काड्या, पंधरा ऑगस्टचे कागदी झेंडे. मोठा माणूस विकत असेल तर जरूर घ्या, घासाघीस न करता घ्या. विकणारं चौदा वर्षांच्या आतलं असेल तर घेऊ नका. ती बालमजुरी आहे; २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आहे. घरच्या धंद्यात हातभार लावायची जी सवलत आहे तीसुद्धा शाळा सुटल्यावरची, शाळेऐवजीची नव्हे.

दुसरं नेहमीचं बोलणं: "या सगळ्या टोळ्या असतात हो." काही ठिकाणी असतातही. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७६खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९खाली किमान दहा वर्षं सक्तमजुरी, आणि त्यासाठी मुलाला अपंग केलं तर किमान वीस. कायदा कडक आहे. पण कडेवरचं झोपलेलं बाळ त्या बाईचंच आहे, भाड्यानं आणलेलं आहे की औषध देऊन झोपवलेलं आहे, हे गाडीत बसून कुणालाही ओळखता येत नाही. ज्यांचं ते काम आहे त्यांना कळवायचं, एवढंच आपल्या हातात असतं. टोळी असली तर पैसे न देणं हाच तिला फटका, आणि टोळी नसली तरी फोनचा फायदा मुलालाच.

या ठिकाणी हात जोडून एक सांगणं. संशय आला म्हणून त्या बाईला घेरू नका, आरडाओरडा करून माणसं गोळा करू नका, मुलाचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकू नका. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या बाजारात पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते ते, मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. मोबाईलवरून पसरलेली मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा त्यांच्या जिवावर बेतली. भीक मागणाऱ्या मुलाचा चेहरा आणि ओळख चव्हाट्यावर आणणं बालन्याय कायद्यात शिक्षेला पात्र आहे, हेही ध्यानात असू द्या.

आता फोनबद्दल. १०९८ हा क्रमांक मुंबईत १९९६ला सुरू झाला आणि हळूहळू देशभर पसरला. २०२३पासून तो सरकारच्या महिला व बालविकास खात्याकडे आहे आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेला आहे. फोन फुकट, दिवसरात्र. "एक मुलगा भीक मागतोय" एवढंच सांगून ठेवू नका. त्यावरून कुणालाच काही सापडत नाही. चौकाचं नाव सांगा, रस्त्याची कुठली बाजू ते सांगा, जवळची खूण सांगा: पेट्रोल पंप, मेट्रोचा खांब, देऊळ. मुलं किती, अंदाजे वयं, सोबत मोठं कोण, किती वाजता दिसतात, रोज दिसतात का. तुमचं नाव द्यायचं नसेल तर देऊ नका. तक्रारीचा क्रमांक मात्र मागून घ्या, आणि दोन-तीन दिवसांनी तोच क्रमांक सांगून पुन्हा फोन करा. यंत्रणा सुस्त आहे, माणसं कमी आहेत, जिल्हा मोठा असतो. पहिल्या फोनला गाडी धावत येईल अशी आशा धरू नका. एकाच चौकातून पाच जणांचे फोन गेले की तो चौक नजरेत भरतो.

"मग ते मुलाला आईपासून ओढून नेतील" ही भीती बऱ्याच चांगल्या माणसांना फोन करण्यापासून अडवते. कायदा तसं सांगत नाही. मूल बालकल्याण समितीपुढं जातं, समिती घरची चौकशी करते; मूल घरात राहणं पहिलं आणि संस्थेत ठेवणं शेवटचं, असं बालन्याय कायद्याचं तत्त्वच आहे. एक पालक गेलेला, आजारी किंवा तुरुंगात असेल तर राज्याची सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपयांची, मूल घरातच ठेवून. रस्त्यावर राहणाऱ्या बाईला ही योजना कुणी सांगितलेली नसते. तिच्यापाशी कागद नसतात. तो अर्ज भरून देणारा एक माणूस तिला हवा असतो, आणि तो माणूस तुम्ही असू शकता.

शाळेचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या कुठल्याही मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावं लागतं. जन्माचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मागच्या शाळेचा दाखला नाही, वर्ष सुरू होऊन गेलं, ही कारणंही चालत नाहीत. आधार कार्ड नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. उसाच्या फडावर नाहीतर गावी परत जाणाऱ्या घरातल्या मुलाला शाळेनं शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं. ते दाखवलं की पुढच्या गावातली शाळा त्याला वर्गात घेते. हे सगळं मुख्याध्यापकांना माहीत असतं. पण पालावरची बाई एकटी शाळेच्या फाटकात गेली तर शिपाई तिला आत सोडत नाही, आणि तुम्ही सोबत असलात तर खुर्ची मिळते. ही लाजेची गोष्ट आहे, पण तूर्त तिचा उपयोग करून घ्या.

होत नाही असं म्हणू नका. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६च्या जूनमध्ये समर्थ भारत व्यासपीठानं महापालिकेला सोबत घेऊन सिग्नल शाळा काढली. पुलाखाली कंटेनरमध्ये वर्ग. मुलं तिथलीच, गजरे आणि खेळणी विकणारी, भीक मागणारी. बरीचशी मराठवाड्यातून दुष्काळानं हुसकलेल्या पारधी घरांतली. आंघोळीची सोय, गणवेश, जेवण, आणि मग अभ्यास. लोकांना वाटतं अशी मुलं वर्गात टिकत नाहीत. तिथली मुलं दहावी पास झाली. शाळा मुलांच्या दारात आली, तेव्हा आयांनी पाठवली. वर गाड्यांचा खडखडाट चालूच होता.

आणि एक इशारा. हे आवाहन वाचून कुणी "शहर भिकारीमुक्त करा" म्हणून निवेदन देणार असेल, तर माझं नाव त्याखाली घालू नका. इंदूरमध्ये १ जानेवारी २०२५पासून भीक देणाऱ्यावरच गुन्हा नोंदवायला सुरुवात झाली. आपल्याकडे १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं, वस्तू विकणं हेसुद्धा त्याच्या लेखी भीक मागण्याचा बहाणा ठरू शकतं. वासुदेव, पिंगळा, डोंबारी, कडकलक्ष्मी सगळे त्यात अडकू शकतात. वॉरंटशिवाय अटक, पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ला दिल्लीपुरती यातली बरीच कलमं रद्द केली. रस्त्यांवरून भिक्षेकऱ्यांना हटवा, या मागणीवर सर्वोच्च न्यायालयानं २०२१ला तसा आदेश द्यायला नकार दिला. लोक गरिबीपायी हात पसरतात, असं न्यायालयानं बजावलं. आणि एप्रिल २०२५मध्ये शिर्डीत मोहीम काढून पन्नासच्या आसपास भिक्षेकऱ्यांना धरलं, विसापूरच्या भिक्षेकरी गृहात नेलं. थोड्याच दिवसांत त्यांतले चौघे रुग्णालयात मरण पावले. साईबाबा स्वतः त्याच गावात झोळी घेऊन दारोदार फिरत होते. तेव्हा मोठ्यांची धरपकड मागू नका. मुलांसाठी फोन करा.

चौकातल्या कायमच्या माणसांना वेगळं सांगतो. चहावाले, रिक्षा थांब्यावरचे दादा, वाहतूक पोलीस, फुलवाल्या मावशी: ही घरं कुठं झोपतात, पोरं कुणाची, गावी कधी जातात, सगळं तुम्हाला ठाऊक असतं. १०९८ची माणसं आली की त्यांना हाताला धरून तिथं न्या. मंडळांनो, वर्गणीतून वह्या वाटायच्या असतील तर त्या शाळेत नाव घातलेल्या पोरांना वाटा, आणि नाव घालायला आपला एक कार्यकर्ता पाठवा. निवृत्त शिक्षकांनी सकाळी फिरायला जाताना वाट जरा वाकडी करून सिग्नलवरून जावं, "शाळेत नाव घालायचंय का?" एवढं त्या आईला विचारावं. पहिल्या दिवशी ती नाहीच म्हणेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फी किती, ते विचारेल. मनपा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत फी नाही, पुस्तकं, गणवेश आणि दुपारचा भात फुकट, हे तिला तेव्हा सांगा.

पहिला शनिवार जड जाईल. डबा काचेपाशी येईल, पोर "साहेब, शनी महाराज" म्हणेल, मागचा हॉर्न वाजवेल. काच खाली करा, त्याला नाव विचारा, नाही म्हणा, पण हाड्हुड् करू नका. पुढं जाऊन गाडी बाजूला लावा. १०९८ लागला नाही तर ११२ लावा आणि तिथंही हेच सांगा: चौक कुठला, बाजू कुठली, किती वाजता, मुलं किती.