अंतुले साहेब : अभिमान आणि हिशेब

२ डिसेंबर २०१४ रोजी बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे मुंबईत निधन झाले. महाराष्ट्राला आजवर लाभलेले ते एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. डिसेंबर आला की त्यांची आठवण निघते आणि आपल्या घरांतून दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. कोणी म्हणतो, "आपला माणूस होता, म्हणून टिकू दिला नाही." कोणी एवढेच विचारतो, "सिमेंटवाले ना?" आणि शाळेतल्या मुलांना विचारावे तर अनेकांना नावही ठाऊक नसते. आम्हाला वाटते, या माणसाचा हिशेब नीट मांडून मुलांपुढे ठेवायला हवा. जमेची बाजूही आणि खर्चाचीही.

सावित्री नदीच्या काठी म्हसळा तालुक्यात आंबेत नावाचे गाव आहे. ९ फेब्रुवारी १९२९ रोजी तिथल्या कोकणी मुस्लिम घरात अंतुले साहेब जन्मले. मुंबईत शिकले, पुढे लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. १९६२ मध्ये श्रीवर्धनमधून आमदार झाले. ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. म्हणजे सारा कारभार जेमतेम दीड वर्षाचा.

त्या दीड वर्षात काय झाले? १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे दोन नवे जिल्हे झाले. सावंतवाडीकडच्या माणसाला तोवर जिल्ह्याच्या कामासाठी रत्नागिरी गाठावी लागे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये औरंगाबादला हायकोर्टाचे खंडपीठ बसू लागले. मराठवाड्यातल्या गरीब पक्षकाराची मुंबईची वारी त्यामुळे वाचली. कुलाबा जिल्ह्याला शिवाजी महाराजांच्या राजधानीवरून रायगड हे नाव मिळाले, तेही याच काळात. यातले कोणतेही काम एका जमातीसाठी नव्हते. कचेरी आणि कोर्ट जवळ आले ते सगळ्यांसाठीच.

पण आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम दुसरेच आहे. १९८० मध्ये त्यांच्या सरकारने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. विधवा, तलाक झालेल्या किंवा टाकलेल्या स्त्रिया, अपंग, अनाथ मुले, कर्करोग-क्षयासारख्या दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले, ज्यांना कमावता आधार नाही अशांना सरकारने दरमहा काही रक्कम द्यावी, अशी ही सोय. सरकारे आली आणि गेली, पक्ष बदलले, पण ही योजना कोणी बंद केली नाही. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा १५०० रुपये झाली. आज ज्या बाईच्या खात्यात हे पैसे पडतात, तिला अंतुले हे नाव माहीतही नसेल. नसू दे. चूल तर पेटते!

आता दुसरी बाजू. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. परवान्याशिवाय पोते मिळत नसे. अंतुले साहेबांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा ट्रस्ट काढला होता. बिल्डरांनी या ट्रस्टला देणग्या द्यायच्या आणि त्यांना सिमेंट मिळायचे, असा आरोप ऑगस्ट १९८१ मध्ये वर्तमानपत्रातून झाला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला आणि त्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला मात्र वर्षानुवर्षे लांबला. तो हायकोर्टाकडे सोपवण्याचा आपलाच जुना आदेश सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी १९८८ मध्ये चुकीचा ठरवला. त्यांना शिक्षा झाली नाही, पण मुख्यमंत्रिपदही पुन्हा मिळाले नाही.

आपला माणूस म्हणून हा भाग मुलांपासून लपवायचा का? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. सत्ता ही अमानत आहे, असे आपण घरात शिकवतो. मग अमानतीचा हिशेब परक्याला मागायचा आणि आपल्याला माफ करायचा, हा इन्साफ नव्हे. तसेच एका प्रकरणापायी माणसाची सगळी कामे पुसून टाकणे, हाही इन्साफ नव्हे.

जानेवारी २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय नव्याने निघाले आणि त्याचे पहिले मंत्री अंतुले साहेबच होते. त्यांच्याच कारकिर्दीत अल्पसंख्याक मुलांसाठी मॅट्रिकपूर्व आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. शिष्यवृत्तीत ३० टक्के वाटा मुलींसाठी राखला गेला. लहान वर्गांना वर्षाला हजार रुपये मिळत. रक्कम छोटी, पण त्या निमित्ताने अनेक घरांनी प्रथमच उत्पन्नाचा दाखला काढला, मुलांच्या नावाने बँकेत खाते उघडले. आम्ही शिक्षक मंडळींनी ते फॉर्म भरून घेतले आहेत, त्यामुळे त्या हजार रुपयांत दप्तर आणि वह्या कशा बसतात हे आम्हाला ठाऊक आहे. २०२२ मध्ये ही मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरतीच ठेवण्यात आली. पहिली ते आठवीची मुले बाहेर पडली. आपल्या मोहल्ल्यात यावर किती जणांनी विचारणा केली? नेत्याच्या नावाचा अभिमान बाळगणारे पुष्कळ, पण त्याच्या कामाला कात्री लागली तेव्हा अर्ज लिहिणारे थोडेच.

म्हणून वाचक भगिनींनो, बांधवांनो, यंदा अंतुले साहेबांची आठवण काढायचीच असेल तर एक काम करा. आपल्या गल्लीत ६५ वर्षांखालील बेवा, तलाकशुदा किंवा अपंग कोणी निराधार आहे का ते पाहा. कित्येक जणी शरमेपायी अर्ज करत नाहीत. "खैरात नको" म्हणतात. त्यांना सांगा, ही खैरात नाही आणि जकातही नाही. हा राज्याच्या कायदेशीर योजनेतला हक आहे. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, बँकेचे पासबुक आणि पतीच्या मृत्यूचा दाखला किंवा तलाकचे, अपंगत्वाचे, आजाराचे कागद जुळवावे लागतात. अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नये, नाहीतर पैसे थांबतात. लिहिता-वाचता येणाऱ्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला त्या बाईबरोबर तहसीलला पाठवा. फॉर्म भरता भरता, ही योजना कोणाच्या काळात निघाली हेही त्याला सांगा. आणि त्याने सिमेंटचे विचारले, तर तेही खरे खरे सांगा.