दायित्वाची प्रमाणपत्रे आणि कारागिराचा वाटा

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या जगद्विख्यात कंपनीने पुरुषांच्या नव्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्या प्रदर्शनात तरुणांच्या पायांत ज्या चपला होत्या, त्या पाहून कोल्हापूर-सांगलीचाच नव्हे, तर बेळगाव-बागलकोटकडचा कोणीही माणूस क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला असता की, ही तर आमची कोल्हापुरी! कंपनीने मात्र तिचे वर्णन 'चामड्याच्या सँडल' एवढेच केले. ना कोल्हापूरचा उल्लेख, ना भारताचा. किंमत लाखाच्या वर असल्याच्या बातम्या झळकल्या. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली, व्यापारी-उद्योजकांच्या राज्यस्तरीय संघटनेने कंपनीला पत्र लिहिले आणि मग उत्तर आले. भारतातील शतकानुशतकांच्या परंपरेतून या पादत्राणांची प्रेरणा घेतल्याची कबुली त्यात होती.

हे उत्तर कोणाच्या स्वाक्षरीने आले, हे पाहण्यासारखे आहे. ते आले लॉरेन्झो बर्टेली यांच्याकडून. कंपनीच्या मालक घराण्यातील या गृहस्थांकडे असलेले खाते आहे 'उद्योगसमूहाचे सामाजिक दायित्व'. म्हणजे दायित्वाचे खाते होते, त्याला प्रमुखही होता. फक्त ज्यांच्या हातची कला उचलली, त्यांचे नाव घेण्याचे दायित्व ओरड होईपर्यंत कोणालाही आठवले नव्हते. वस्त्र आणि पादत्राण उद्योगातील 'कॉर्पोरेट जबाबदारी' नावाच्या प्रकरणाचे सारे मर्म या एका घटनेत सामावलेले आहे.

प्रमाणपत्र भिंतीवर, कुलूप दारावर

गेल्या तीस वर्षांत पाश्चात्त्य कंपन्यांनी 'दायित्व' हा शब्द एवढा घासून गुळगुळीत केला आहे की, त्यात पकडण्यासारखे काही उरलेले नाही. १९९६ साली पाकिस्तानातील सियालकोट येथे नायकीचे चिन्ह असलेला फुटबॉल शिवणाऱ्या मुलाचे छायाचित्र अमेरिकेतील 'लाइफ' मासिकाने छापले आणि तेथील सुखवस्तू ग्राहकाची झोप उडाली. १९९८ मध्ये नायकीचे संस्थापक फिल नाइट यांना वॉशिंग्टनमध्ये जाहीरपणे मान्य करावे लागले की, आपल्या कंपनीचे नाव गुलामीच्या मजुरीशी आणि सक्तीच्या जादा कामाशी जोडले गेले आहे. त्यानंतर आचारसंहिता आल्या, तपासनीस आले, चकचकीत अहवाल आले. परिणाम काय झाला?

सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील अली एंटरप्रायझेस या कापड कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार होरपळून मेले. खंडणीसाठी ही आग लावल्याचा निष्कर्ष तेथील न्यायालयाने पुढे काढला. परंतु आग कोणीही लावो, बाहेर पडण्याच्या वाटा बंद आणि खिडक्यांना गज होते म्हणून माणसे आत अडकली. या कारखान्याला अवघ्या काही आठवड्यांपूर्वी सामाजिक दायित्वाचे एसए ८००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेले होते! ते देणारी संस्था इटलीतील होती आणि कारखान्याचा मुख्य ग्राहक जर्मनीतील.

पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. ११०० हून अधिक कामगार गाडले गेले. त्यांत मोठी संख्या महिलांची होती. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरील बँकेने आपले कर्मचारी घरी पाठविले. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा मशिनींवर बसविण्यात आले, कारण युरोप-अमेरिकेतील दुकानांना माल वेळेवर पाहिजे होता. या इमारतीतील दोन कारखान्यांची 'सामाजिक तपासणी' आधी झालेली होती. तपासनिसांच्या कागदावर रकाने होते, त्या रकान्यांत इमारत पडेल की उभी राहील हा प्रश्नच नव्हता.

यातून धडा काय घ्यायचा? दुर्घटनेनंतर महिन्याभरात कामगार संघटना आणि कंपन्या यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा जो करार झाला, तो आधीच्या सर्व आचारसंहितांहून निराळा होता, कारण तो कायद्याने बंधनकारक होता. कराराचा भंग केला, तर लवादापुढे उभे राहणे भाग होते. २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात एका बहुराष्ट्रीय कंपनीला २३ लाख डॉलर मोजावे लागले. वॉलमार्ट, गॅप अशा बड्या अमेरिकी कंपन्यांनी मात्र या करारावर सही करण्याचे टाळून आपली वेगळी, सौम्य चूल मांडली. बंधन नको, उपदेश चालेल! ज्या दायित्वाला दंडाची जोड नाही, ते दायित्व नसून जाहिरात आहे, हे यापेक्षा स्पष्ट कसे दिसावे?

उपदेश जगाला, अंधार दिव्याखाली

पाश्चात्त्य कंपन्या आणि त्यांचे येथील भाट आपल्याला नेहमी ऐकवितात की, शोषण हा आशियाई देशांचा रोग आहे आणि युरोपातील कारागिरी म्हणजे शुचितेचा आदर्श. त्या मिलानमध्येच न्यायालयाने काय पाहिले? २०२४ साली तेथील न्यायालयाने अरमानी आणि दिऑर या समूहांतील कंपन्या काही काळ न्यायालयीन देखरेखीखाली आणल्या. त्यांचे उपकंत्राटदार शहराच्या आसपासच्या कारखान्यांत चिनी मजुरांकडून अत्यल्प मोबदल्यात, कारखान्यातच झोपवून काम करून घेत होते. दिऑरच्या दुकानात सुमारे २६०० युरोंना विकली जाणारी पिशवी तयार करून देण्यासाठी पुरवठादाराला ५३ युरो दिले जात, अशी नोंद त्या प्रकरणात आहे. चामड्याचा खर्च वेगळा. २०२५ मध्ये लोरो पियाना या आणखी एका उंची कंपनीवर हीच पाळी आली. प्राडाचे नाव या आदेशांत नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु 'मेड इन इटली' या तीन शब्दांची किंमत ग्राहकाकडून वसूल करणारी व्यवस्था आतून कशी चालते, हे त्यातून जगाला कळले.

आणि या कंपन्यांच्या तत्त्वनिष्ठेचे आणखी एक उदाहरण. चीनच्या शिनजियांग प्रांतात जगातील सुमारे एक पंचमांश कापूस पिकतो. तेथील सक्तीच्या मजुरीविषयी चिंता व्यक्त करणारे एच अँड एम या स्वीडिश कंपनीचे निवेदन मार्च २०२१ मध्ये चीनमध्ये चर्चेत आले, तेव्हा चिनी संकेतस्थळांवरून त्या कंपनीचा माल रातोरात नाहीसा झाला. ते पाहताच ह्युगो बॉस या जर्मन कंपनीने आपल्या चिनी खात्यावरून शिनजियांगचा कापूस घेत राहण्याची ग्वाही दिली. दुबळ्या देशापुढे मानवाधिकाराचे पाठ आणि बलाढ्य बाजारपेठेपुढे लोटांगण! बाजारपेठ हेच ज्यांचे दैवत, त्यांची नीती बाजारपेठेनुसार बदलायचीच.

आपल्या अंगणात काय?

पण केवळ विदेशी कंपन्यांवर कोरडे ओढून आपली सुटका होत नाही. स्वदेशीचा विचार सांगणाऱ्याने पहिला प्रश्न स्वतःच्या समाजाला विचारला पाहिजे.

तामिळनाडूतील सूतगिरण्यांत 'सुमंगली' या नावाने एक योजना चालविली गेली. गरीब घरातील मुलींना तीन वर्षांच्या करारावर वसतिगृहात ठेवायचे, हिंडण्या-फिरण्यावर बंधने घालायची आणि करार पूर्ण झाल्यावर लग्नासाठी एकरकमी पैसे देण्याचे आमिष दाखवायचे. मधेच आजारी पडून घरी परतलेल्या मुलीच्या पदरी ती रक्कमही पडत नसे. आपल्या संस्कृतीतील एका मंगल शब्दाची एवढी विटंबना कोणत्याही परकीयाने केली नसेल. ती आपल्याच लोकांनी केली.

मुंबईच्या गिरणगावाची कथा निराळी नाही. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. कोणत्याही तडजोडीस तयार नसलेले नेतृत्व एकीकडे आणि यंत्रांपेक्षा जमिनीच्या भावाकडे डोळे लावून बसलेले मालक दुसरीकडे. मधे कामगाराचे कुटुंब भरडले गेले. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल उभा आहे. जेथे मराठी हातांनी कापड विणले, तेथे विदेशी नाममुद्रांचे कपडे विकले जातात. वर्गसंघर्षाची पोथी वाचणाऱ्यांनी आणि नफ्याची वही वाचणाऱ्यांनी मिळून हे घडविले.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामासाठी खर्च करणे बंधनकारक केले. हा कायदा स्वागतार्हच आहे. शाळा, दवाखाने, तलाव यांना त्यातून मदत होते. स्वतःच्या कामगारांवरील खर्च त्यात धरता येत नाही, हेही योग्यच, कारण वेतन म्हणजे दानधर्म नव्हे. परंतु व्यवहारात काय होते? दोन टक्क्यांचे फलक झळकतात आणि उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळविले, हे विचारायचे राहून जाते. आधी शिलाई कामगाराच्या घामाचा दाम बुडवायचा आणि मग त्याच्याच मुलाच्या शाळेला बाके भेट द्यायची, हे दायित्व आपल्या परंपरेला मान्य नाही. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, ती उद्योग हे एक कुटुंब आहे या धारणेवर. कुटुंबात कमावत्याचे ताट रिकामे ठेवून शेजाऱ्यांना मेजवानी कोणी देत नाही.

कोल्हापुरीचा प्रश्न अजून सुटलेला नाही

आता पुन्हा कोल्हापुरीकडे वळू. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे आठ जिल्हे त्याचे क्षेत्र. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. महाराष्ट्राच्या महामंडळाला संत रोहिदासांचे, तर कर्नाटकच्या महामंडळाला बाबू जगजीवनराम यांचे नाव आहे. मिलानच्या प्रकरणावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली, कारण दाद मागण्याचा अधिकार नोंदणीधारकांचा आहे. म्हणजे कारागिरांच्या वतीने न्यायालयाची पायरी चढायची, तर ती या महामंडळांनीच. शिवाय हे मानांकन भारताच्या सीमेपुरते आणि मुख्यतः नावाला संरक्षण देणारे. नाव न वापरता घाट उचलला, तर कायद्याचे हात तोकडे पडतात.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडा आणि ही दोन महामंडळे यांच्यात सामंजस्य करार झाला. येथील कारागिरांच्या सहभागातून २००० जोड तयार करून ते सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांहून अधिक किमतीला जगभर विकण्याचे जाहीर झाले. काही विद्वान आता सांगू लागले आहेत की, प्राडाचे उपकार माना, तिने कोल्हापुरीला जगाच्या नकाशावर नेले. कोल्हापुरी जगाच्या नकाशावर आधीच होती! करार झाला ही चांगली गोष्ट आहे आणि तो समाजाच्या जागरूकतेचा विजय आहे. परंतु प्रश्न शिल्लक आहेत. त्या ८० हजारांतून बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात चामडे कमावणाऱ्याला किती मिळणार? घरात बसून वेणी विणणाऱ्या मायभगिनीला किती? दोन हजार जोड संपल्यावर पुढे काय?

म्हणून काही मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. या करारातील प्रत्येक जोडामागे कारागिराला मिळणारी रक्कम दोन्ही महामंडळांनी जाहीर करावी. युरोपीय संघाने हस्तकला व औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाचा नवा कायदा डिसेंबर २०२५ पासून लागू केला आहे. त्याखाली कोल्हापुरीची नोंदणी करण्यासाठी शासनाने तातडीने पावले उचलावीत. आणि आपल्या देशातील वस्त्र व पादत्राण कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांची नावे व तेथील वेतन वार्षिक अहवालात छापावे. विदेशी कंपन्यांना प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार त्यातूनच मिळेल.

शेवटची मागणी वाचकांकडे आहे. १९०५ मध्ये पुण्यात सावरकरांनी विदेशी कपड्यांची होळी केली. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडविताना बाबू गेनू हा गिरणी कामगार हुतात्मा झाला. त्यांच्या स्वदेशीचा अर्थ केवळ विदेशी वस्तू नाकारणे एवढाच नव्हता; आपल्या बांधवाच्या हाताला काम आणि त्या कामाला मान, असा तो अर्थ होता. मॉलमध्ये छापील किंमत निमूटपणे मोजणारे आपण, चर्मकार बांधवाच्या ओट्यावर मात्र पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. ज्या हातांनी पायताण घडविले, त्या हातांना शतकानुशतके आपण उंबऱ्याबाहेर ठेवले. त्याच हातांच्या कलेला मिलानने विनानाव उचलले, तेव्हा आपल्याला अस्मिता आठवली. समरसता ही भाषणाची गोष्ट नव्हे, ती व्यवहारात दिसली पाहिजे. येत्या सणाला घरातील प्रत्येकासाठी एक जोड थेट कारागिराकडून, त्याने सांगितलेल्या दामात घ्यावा आणि त्याचे नाव-गाव विचारून घ्यावे. परक्या कंपनीकडून आपण जे दायित्व मागतो, त्याची सुरुवात आपल्या पायांपासून झाली, तरच त्या मागणीला वजन येईल.