सतरंजी उचलली, भाषण कोण उचलणार?

दोस्तहो, आधी माझा गुन्हा सांगतो. मग तुमच्यावर येतो.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीत जयंतीच्या व्याख्यानाला रेकॉर्डिंग माझ्याकडं होतं. म्हणजे कुणी नेमलं नव्हतं. माझा मोबाईल बरा, म्हणून मी. दिवसभर गोदीत माल उतरवून आलेलो, डोळे मिटत होते. मोठे वक्ते दीड तास बोलले. टाळ्या झाल्या. मी बटण दाबलं, मोबाईल खिशात टाकला. तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. जन्मभर रस्ता झाडलेली बाई. म्हणाली, "पोरांनो, मला बी दोन शबुद बोलायचेत." आणि बोलली. १९७८ साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात आपली घरं जाळली, तेव्हा ती लेकरू पाठीला बांधून कशी निघाली, कुठल्या विहिरीवर पाणी दिलं नाही, मुंबईत पहिली रात्र कुणाच्या दारात काढली. दहा-बारा मिनिटं. अख्खा मंडप गप्प. माझा मोबाईल खिशातच.

दिवाळीआधी म्हातारी गेली. वक्त्यांचं भाषण माझ्याकडं आहे. त्यातलं सगळं त्यांच्या पुस्तकातही आहे. म्हातारीचं कुठंच नाही. बटण मीच बंद केलं होतं. तिला मी वक्ता धरलंच नव्हतं.

आता तुमच्यावर.

आपल्या कमिटीची यादी काढा. अध्यक्ष एक, उपाध्यक्ष चार, सल्लागार अकरा. बॅनरवर फोटो मावत नाहीत. पण भाषण टिपून कोण घेणार, रेकॉर्ड कोण करणार, वेळ कोण बघणार? त्या जागा कोऱ्या. सतरंजी घालायला पोरं, पाणी आणि रांगोळीला बाया, खुर्चीला साहेब. च्यायला, हीच वाटणी मोडायला निघालो होतो ना आपण? की मनूला गेटावर शिव्या घालायच्या आणि मागच्या कनातीतून आत घ्यायचा?

म्हणे, ही किरकोळ कामं. किरकोळ? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला पाणी ४० रुपयांना विकत घ्यावं लागलं. आपल्या माणसांना तिथं पाणी मिळत नव्हतं. हे आज आपण छाती ठोकून सांगतो, कारण त्या पाण्याचा खर्च कुणीतरी ध्यानात ठेवला, लिहिला. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब बोलले, धम्म का घेतला ते सांगितलं. ते भाषण २७ ऑक्टोबरच्या 'प्रबुद्ध भारता'त छापून आलं. त्या भाषणानंतर ५२ दिवसांनी बाबासाहेब गेले. पुन्हा विचारायला माणूस नव्हता. शासनाच्या १८ व्या खंडाचे तीन भाग त्यांच्या मराठी भाषणांनी भरलेत. ती कागदावर आणणारे बहुतेक हात आज आपल्याला नावानं ठाऊक नाहीत. नानकचंद रत्तू दिवसा सरकारी नोकरी करायचे आणि नंतर बाबासाहेबांचं टायपिंग. त्यांना किरकोळ म्हणायची हिंमत आहे कुणाची?

गोदीत या. बोटीतून माल निघतो तेव्हा टॅलीवाला कागद घेऊन उभा असतो. किती नग आले, किती फुटले, ते लिहितो. क्रेनवाल्याला खोलातलं दिसत नाही, म्हणून वरून हातानं खूण करणारा माणूस असतो. त्याचं ध्यान हललं तर खालच्याचं डोकं फुटतं. आम्हा अंगठेबहाद्दरांना, मॅट्रिकवाल्यांना हे कळतं. आणि एम.ए. झालेल्या सेक्रेटरीला कळत नाही?

कुणी म्हणेल, आता काय, सगळं लाईव्ह असतं. असतं! स्टेजवरचे हारतुरे असतात, पंख्याची घरघर असते, मधेच मामाचा फोन येतो. वक्त्याचं नाव नाही, तारीख नाही. मोबाईल लोकलमध्ये मारला गेला की इतिहास गेला चोरबाजारात.

म्हणून कामं सांगतो. कार्यक्रमाआधी आठ दिवस नावानिशी वाटा.

एकानं वेळ बघायची. पाच मिनिटं उरली की चिठ्ठी, संपली की घंटा. मंत्री असला तरी घंटा. एकानं श्रोत्यांत माइक फिरवायचा, आणि तो आधी मागच्या रांगेत न्यायचा. दोघांनी रेकॉर्ड करायचं, दोन वेगळ्या मोबाईलवर. फोन येणं बंद करून ठेवा, बॅटरी भरा. साउंडवाल्याला विनंती करून त्याच्या मशीनमधून वायर घ्या, ते जमलं नाही तर मोबाईल भोंग्याजवळ नको, बोलणाऱ्याजवळ ठेवा. आधी मिनिटभर बोलून ऐका. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, वक्त्याचं नाव सांगा. बोलणाऱ्याला विचारल्याशिवाय रेकॉर्ड नाही. बाई आपल्यावरच्या अत्याचाराचं बोलत असेल आणि 'बंद कर' म्हणाली, तर बंद. पण मंडपातला शेवटचा माणूस उठेपर्यंत आपण होऊन बटण दाबायचं नाही. रात्रीच दोन ठिकाणी कॉपी. एकानं कागदावर टिपण घ्यायचं, कारण वीज जाते, कागद जात नाही.

आणि महिन्याभरात ते ऐकून लिहून काढा. तिथं खरी गोम आहे. लिहिणारा शिकलेला असतो, त्याचे हात शिवशिवतात. 'व्हतं'चं 'होते' करतो, 'म्या'चं 'मी' करतो. अरे, तुला टिपायला बसवलंय, आंघोळ घालायला नाही. म्हातारी बोलली तशीच उतरव.

ही कामं पोरींनाही द्या. रेकॉर्ड त्यांनी करावं, घंटा त्यांनी वाजवावी. त्या दिवशी अध्यक्षांनी सतरंज्या झटकाव्यात. झीज होणार नाही.

मी कविता लिहितो. दोन-चार छापून आल्या. पण म्हातारीची ती बारा मिनिटं मला कवितेत आणता येत नाहीत. तिचे शब्द आठवत नाहीत, नुसता आवाज आठवतो. माझे शब्द तिच्या तोंडी घातले तर ती चोरी होईल.

येत्या १४ एप्रिलला माझं नाव रेकॉर्डिंगला लिहा. बॅनरवर नको. कमिटीच्या वहीत लिहा, पेनानं. आणि दुसरं नाव कुणाचं, ते आजच सांगा.

जय भीम.