खटका बसला का?

भाऊबीजेला बहिणीसाठी साडी नेणारे भाऊ पुष्कळ असतील. पण मेहुण्याच्या बोटाला टाके घालायला लावणारा भाऊ बहुधा मी एकटाच!

माझी ताई जालना जिल्ह्यातल्या मंठ्याला दिलेली. दाजींची गावाबाहेर मोसंबीची बाग आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला आहे खरा, पण दाजींना अभिमान आहे तो स्वतःच्या हाताच्या कलमांचा. हिवाळ्यात रंगपूर लिंबाच्या खुंटावर ते स्वतः डोळे भरतात. म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ताईच्या साडीबरोबर मी दाजींसाठी एक घडीचा, खटक्याचा चाकू नेला. पितळी मूठ, आणि पाते असे लखलखीत, की त्यात पाहून भांग पाडावा! ताईने मात्र, "धारेची वस्तू हातात देऊ नये रे, खाली ठेव," म्हणून तो जमिनीवर ठेवायला लावला. मी हसलो.

महिन्याभराने ताईचा फोन आला. चाकू मिटला होता, आणि मिटताना मध्ये दाजींची तर्जनी होती. तीन टाके पडले होते.

मी धावत मंठ्याला गेलो. दाजी बाजेवर बसले होते. रागावले असते तर बरे वाटले असते, पण त्यांनी तो चाकू पुढे सरकवला आणि म्हणाले, "घेताना काय पाहिलं होतं?"

"चमक," मी खाली मान घालून म्हणालो.

"चमक काय चाटायची हाय का?"

मग त्यांनी मला शिकवणी दिली. चाकूने कापताना जोर धारेवर येतो, म्हणजे पाते उघडण्याकडेच ढकलले जाते. खटक्याला तेव्हा काही कामच नसते. डोळा भरताना मात्र आधी सालीला चीर द्यायची आणि मग पात्याच्या पाठीने ती अलगद उचलायची. इथे जोर उलटा येतो, पाते मिटू पाहते, आणि त्याला अडवतो तो एकटा खटका. मुठीच्या पाठीवरच्या पट्टीचे टोक पात्याच्या बुडाच्या खाचेत बसते, एवढीच ती करामत. माझ्या चाकूत ते टोक खाचेत जेमतेम टेकत होते. त्यात बागेतली माती अडकली, आणि टेकलेलेही सुटले. उघडताना 'खट्' आवाज मात्र झोकात येई!

तेव्हापासून मी चाकू कसा पाहतो, ते सांगतो. उघडून पात्याचे टोक चिमटीत धरावे आणि आडवे हलवावे; नंतर वरखाली. खिळ्यात खुळखुळ जाणवली तर चाकू परत. खटका लागल्यावर पट्टी पूर्ण खाली बसली का, तिथे फट दिसते का, हे उजेडाकडे धरून पाहावे. मग बोटे पात्याच्या वाटेतून पूर्ण दूर ठेवून पात्याची पाठ लाकडावर हळूच दाबावी. खटका सुटता कामा नये. मिटल्यावर पाते मुठीच्या मधोमध राहावे, कडेला घासू नये, आणि टोक बाहेर डोकावू नये. नाहीतर खिशात घातलेला हात रक्ताळून बाहेर यायचा.

हे सगळे महागड्या चाकूतच मिळते, असेही नाही. अमेरिकेतल्या बक कंपनीने १९६४ साली आपला ११० क्रमांकाचा चाकू काढला आणि पाठीवरच्या खटक्याची ही तऱ्हा तिकडे घरोघर पोचवली. त्याला लाकूड आणि पितळेचा थाट आहे. उलट फ्रान्समधला ओपिनेल पाहा. १८९० पासूनचा हा साध्या लाकडी मुठीचा शेतकऱ्याचा चाकू. १९५५ साली त्याला फिरणारे कडे बसवले. कडे फिरवले की पाते जागच्या जागी अडकते. पावसाळ्यात लाकूड फुगून पाते घट्ट होते, पण तो लाकडाचा स्वभाव, कारागिराचा दोष नव्हे. मुठीवर ओरखडा असला, पात्यावर कानशीचे वळ दिसले, तर माफ करावे. सैल खिळा आणि अर्धवट बसलेला खटका मात्र स्वस्तातही माफ करू नये. बोट काही चाकूची किंमत पाहून कापले जात नाही.

गेल्या दिवाळीत दाजींना घेऊन मंठ्याच्या बाजारात गेलो. त्यांनी चार चाकू हलवून, दाबून बाजूला ठेवले, दुकानदार कंटाळला. पाचवा ओबडधोबड मुठीचा निघाला. तो हलेना. दाजींनी तो घेतला, पैसे मी दिले.

दाजींच्या तर्जनीचे टोक अजून बधिर आहे. सालीखाली डोळा नीट बसला की नाही, हे त्याच बोटाला कळत असे. आता ते मधल्या बोटाने चाचपतात, आणि शंका आली तर ताईला हाक मारतात. ताईचे बोट फिरते, ती मान हलवते, आणि मगच दाजी पट्टी बांधतात.